कळवळा आणि त्याची रीत

(जयपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जयपुरातल्या मराठी घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. आमेर, हवामहल, आणि पाहुण्यांत कुणी साडी-चादरीचं शौकीन असेल तर बगरू. अजमेर रस्त्याने जायचं, छीपा मोहल्ल्यात शिरायचं, उन्हात वाळत पडलेल्या चादरी आणि निळीचे हौद बघायचे, आणि परतताना गाडीच्या डिकीत जागा उरलेली नसते. त्या कापडाबद्दल आपण भरपूर बोलतो. ते छापणाऱ्यांच्या घरात कुणाचं नाव घेतात, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. राजस्थानातले बरेच हिंदू छीपा, म्हणजे कापड छापणारे, स्वतःला नामदेववंशी म्हणवतात. नाव आपल्याच नामदेवांचं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि तिथे ते स्वतःला छीपा म्हणवतात. आपल्याकडे ते शिंपी. पंढरपूरचा माणूस इथे बगरूत आपल्याआधी येऊन पोचलेला आहे.

नामदेवांच्या तीन कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. वडील गावाला गेले, देवाला नैवेद्य दाखवायचं काम लहान नाम्यावर आलं. ‘देवाला जेवू घाल’ हे त्याने शब्दशः घेतलं आणि देव खाईना तेव्हा हट्टाला पेटला. दुसरी, कुत्र्याची. कुत्र्याने पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. तिसरी त्या मानाने कमी सांगितली जाते. आईने झाडाची साल आणायला पाठवलं. कुऱ्हाड बसली तिथून चीक वाहू लागला, तो पाहून मुलाला राहवेना. झाडाला काय झालं असेल हे कळावं म्हणून त्याने तीच कुऱ्हाड स्वतःच्या पायावर मारून पाहिली.

तुम्ही म्हणाल, विषय ऑटिझमचा आणि बाईंनी कीर्तन लावलंय. तर आधीच सांगते, नामदेवांना मी कुठलाही शिक्का मारणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या संताला आजच्या दवाखान्याच्या बाकावर नेऊन बसवणं हा आगाऊपणा आहे, आणि तो हल्ली फार बोकाळलाय. मला वेगळंच विचारायचं आहे. या गोष्टी आपण नातवंडांना कौतुकाने सांगतो. त्याच घरातल्या एखाद्या नातवाने ‘जेवण झालं का देवाचं?’ असं दहादा विचारलं, किंवा फांदी तोडली म्हणून तासभर रडून घर डोक्यावर घेतलं, तर आपण त्याला कुणाकडे नेतो? आणि तिथे आपल्याला काय सांगितलं जातं?

बरेचदा एक वाक्य सांगितलं जातं, की ऑटिस्टिक मुलाला दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत. मी विशेष शिक्षिका म्हणून हे वाक्य आया-बापांच्या तोंडून सतत ऐकत आले आहे. बाप ते सांगताना चष्मा पुसतो. आई म्हणते, ‘त्याला माझं काहीच नाही हो.’ हे वाक्य आलं कुठून, ते आधी पाहू.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४३ साली ११ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचा भर मुलांच्या भावनिक संपर्कातल्या अडथळ्यावर होता. पण आज ज्या ठाम स्वरात ते वाक्य उच्चारलं जातं, त्याचं मूळ बरंचसं १९८५च्या लंडनमधल्या एका छोट्या प्रयोगात आहे. सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी मुलांसमोर दोन बाहुल्या ठेवल्या, सॅली आणि अ‍ॅन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना अ‍ॅन गोटी काढून खोक्यात टाकते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? टोपलीत, हे बरोबर उत्तर, कारण अदलाबदल तिने पाहिलेलीच नाही. २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी खोकं दाखवलं. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा अंदाज या मुलांना बांधता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रयोग सुबक होता, सांगायला सोपा होता, आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

वर्गात हा प्रयोग शिकवताना मी विद्यार्थिनींना एकच विचारते. सॅलीची गोटी गेली म्हणून सॅली रडायला लागली, तर मुलाला काय वाटेल? हा प्रश्न त्या प्रयोगात होता का? नव्हता. सॅली कुठे बघेल एवढंच विचारलं होतं. चौघांनी बरोबर उत्तर दिलं होतं, ते चौघेही लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हळूहळू गळून पडले. आणि ‘अंदाज बांधता येत नाही’चं ‘भावना नाहीत’ कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखणं वेगळं आणि त्याला लागलेलं आपल्याला लागणं वेगळं. ठगाला पहिलं उत्तम जमतं. २००८ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांबरोबर या दोन्ही गोष्टी अलग करून मोजल्या. ओळखण्यात ते मागे पडले, लागण्यात नाही. जेफ्री बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली आणखी एक गुंता सोडवला. काही माणसांना स्वतःचीच भावना ओळखता येत नाही. पोटात गोळा आलाय तो भीतीचा की भुकेचा, हे त्यांना सांगता येत नाही. ऑटिस्टिक लोकांत अशी माणसं जवळजवळ निम्मी असतात, पण उरलेल्या निम्म्यांत ही अडचण नसते, आणि ऑटिझम नसलेल्या कितीतरी जणांत ती असते. जवळच्या माणसाला वेदना होताना पाहून मेंदूत उमटणारा प्रतिसाद या अडचणीप्रमाणे कमीजास्त होत होता. ऑटिझम असणं-नसणं त्याला जबाबदार ठरलं नाही.

मेंदूच्या चित्रांपेक्षा मला घरातली गोष्ट जास्त पटते. एका कुटुंबाकडे मी सांत्वनाला गेले होते. आजोबा गेले होते. आपल्याकडची बैठक कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. सतरंजी अंथरलेली, बायका आजींच्या भोवती, येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ विचारणार आणि आजी तेच पुन्हा पहिल्यापासून सांगणार. नातू चौदा-पंधरा वर्षांचा, ऑटिस्टिक. तो आतून आला, कुणाकडे न बघता आजींसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘आजोबा मेलेत, तर आता गोळ्या कोण देणार?’ खोलीत एकदम शांतता. कुणीतरी त्याला दंडाला धरून आत नेलं. एक बाई हळूच म्हणाल्या, ‘बिचाऱ्याला कळत नाही.’

मी त्याच्या मागून आत गेले. त्याने स्वयंपाकघरातला गोळ्यांचा डबा ओट्यावर उपडा केला होता. त्या डब्यात आजोबांच्या आणि आजींच्या, दोघांच्याही गोळ्या एकत्र असायच्या, आणि आजींना नीट दिसत नाही म्हणून त्या वेगळ्या काढून द्यायचं काम आजोबांचं होतं. त्याने एकेक पाकीट उलटंसुलटं करून, नाव वाचून, आजोबांच्या गोळ्या बाजूला काढल्या होत्या. दोन पाकिटं अगदी एकसारखी होती, पांढरी गोळी, हिरवी अक्षरं. ती त्याने माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, ‘या चुकतील.’ रक्तदाबाची एक होती, साखरेची एक. मग एका कागदावर ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ लिहून त्याने आजींच्या गोळ्या त्यावर मांडल्या.

त्या दिवशी त्या घरात आलेल्या आम्हा सगळ्यांत आजींच्या त्या रात्रीचा विचार त्या एकट्या मुलाने केला होता. आम्ही ‘काळजी घ्या हं’ म्हणून उठणार होतो. पण ‘मेलेत’ हा शब्द, न झुकलेली मान, कोरडे डोळे, एवढ्यावर त्याचा निकाल लागला होता. आपण कळवळा त्याच्या रीतीवरून ओळखतो. आवाज खाली यायला हवा, चेहरा पडायला हवा, ‘वारले’ म्हणायला हवं, आणि हे सगळं वेळेत व्हायला हवं. रीत चुकली तर आत काही नसणारच, असं धरून चालतो.

उलटही होतं. आई रडत असेल तर मूल कान दाबून खोलीबाहेर पळतं, किंवा आईच्या तोंडावर हात ठेवून ते बंद करायला बघतं. काही मुलं चक्क हसतात. आई म्हणते, ‘मला रडताना बघून हसला!’ ते हसू आनंदाचं नसतं. बऱ्याच ऑटिस्टिक प्रौढांनी पुढे लिहून ठेवलं आहे की समोरच्याचं दुःख त्यांच्यावर इतक्या जोराने आदळतं की तिथून पळण्याखेरीज काही सुचत नाही. लाइट लागला की डोळे मिटावेत तसं. पळणाऱ्याला आपण निर्दय म्हणतो.

नामदेवांच्या झाडाकडे जरा परत येते. रेबेका व्हाइट आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अ‍ॅना रेमिंग्टन यांनी निर्जीव वस्तूंना भावना आहेत असं वाटण्याबद्दल ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांना विचारलं. ऑटिस्टिक प्रौढांत हे अधिक आढळलं, आणि मोठ्या वयातही टिकून राहिलेलं. हा निबंध वाचला नाहीत तर त्याला फार वाईट वाटेल, असं त्यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटलंय. संशोधकांनाही कधीकधी विनोद सुचतो. टेम्पल ग्रँडिन यांचं उदाहरण याहून ठोस आहे. १९४७ साली जन्मलेल्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या या अमेरिकन पशुवैज्ञानिक. कत्तलखान्याच्या अरुंद वाटेत गुरं अडून बसायची, माणसं विजेच्या काठ्या वापरायची. ग्रँडिन स्वतः त्या वाटेत उतरल्या आणि गाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागल्या. त्यांना लोंबणारी साखळी दिसली, जमिनीवरची सावली दिसली, ओल्या फरशीवरची तिरीप दिसली. या गोष्टी हटवल्या की गुरं चालू लागायची. कत्तलखान्यासाठी काम करणं ही करुणा का, असा प्रश्न आपल्याकडे अनेकांना पडेल, आणि मलाही पडतो. पण जनावराच्या जागी उभं राहून पाहण्याचं काम तिथल्या कितीतरी ‘सहृदय’ माणसांना सुचलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोन अगदी वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर आली आणि त्यांचं जमलं नाही, तर दोष एकाच्याच खात्यावर का? ऑटिस्टिक माणसाला तुमचं मन वाचता येत नाही, ठीक. तुम्हाला त्याचं वाचता येतं का? समजुतीची ही अडचण दुहेरी आहे. ज्यांची संख्या जास्त, त्यांच्या न समजण्याला नाव नाही. ज्यांची कमी, त्यांच्या न समजण्याला आजाराचं नाव. बहुमताचा हा फायदा जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

यावर नंतर प्रयोग झाले. एडिंबरामध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींसारखा खेळ लावला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. २०२०च्या निष्कर्षात सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे इतर असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती लवकर झिजली. हा निष्कर्ष फार गाजला. पुढे २०२५ साली ३११ जणांना घेऊन मोठा प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीही तितकीच चांगली ठरली. म्हणजे ‘ऑटिस्टिक लोकांची त्यांची वेगळी भाषा असते’ असं रंगवून सांगणाऱ्यांनी जरा हात आखडता घ्यावा. मला या दुसऱ्या निष्कर्षाचं वाईट वाटत नाही; मिश्र साखळी तुटतेच असं नाही, हे कळलं.

नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७चा अभ्यास मात्र मनाला लागतो. काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवून लोकांना विचारलं, या माणसाशी बोलायला, शेजारी बसायला आवडेल का? ऑटिस्टिक व्यक्तींबद्दल लोकांचं मत क्षणात वाईट झालं. कोण ऑटिस्टिक आहे हे बघणाऱ्यांना सांगितलेलंही नव्हतं. मग त्याच व्यक्तींचं तेच बोलणं फक्त लिहून दाखवलं, आवाज नाही, चेहरा नाही. तेव्हा फरक नाहीसा झाला. बोलण्यात काही खोट नव्हती, ते बोलणं आपल्याला ऐकूच गेलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत, शाळेच्या प्रवेशात, लग्नाच्या बोलण्यांत काय होत असेल याचा विचार करा.

चेहऱ्याकडे न बघताही माणसं एकमेकांना कशी समजून घेतात ते बगरूत दिसतं. तिथल्या छपाईच्या टेबलाजवळ कधी उभे राहिलात तर कापड बाजूला ठेवून माणसांकडे बघा. लांबलचक टेबल, त्यावर गोणपाटाचे थर, बाजूला चाकांची तिवई आणि तीवर रंगाची थाळी. एक जण रेख, म्हणजे नक्षीची कड, उठवत जातो. त्याच्या मागून दुसरा दत्ता, म्हणजे आतला भराव, छापतो. ठसा टेकवायचा, मुठीने ठोका द्यायचा, उचलायचा. पुढच्याचा हात कुठे केसभर ढळला असेल तर मागचा आपला ठसाही तेवढाच ढळवून बसवतो. दोघांचेही डोळे कापडावर. नजरानजर नाही, बोलणं जेमतेम. तरी एकाला दुसऱ्याची चूक कळते आणि तो ती सांभाळून घेतो. तसंच, मी ज्या मुलांबरोबर काम करते त्यांतली अनेक समोर बसून काहीच बोलत नाहीत आणि शेजारी बसून, दोघांच्या मध्ये पत्त्यांचा डाव किंवा वाटाण्याच्या शेंगा असल्या, की मनातलं सांगतात.

आणि आम्ही त्यांना काय शिकवतो? ‘माझ्याकडे बघ. डोळ्यांत बघ.’ थेरपीच्या वहीत नोंद होते, आज आय कॉन्टॅक्ट पाच सेकंद. ज्या देशात सून सासऱ्यांपुढे मान वर करत नव्हती, जिथे मास्तरांच्या डोळ्यांत बघणं उद्धटपणा होता, तिथे हे चाललंय. बऱ्याच ऑटिस्टिक प्रौढांनी सांगितलंय की डोळ्यांत बघितलं की ऐकू येणं बंद होतं. मुलाने आपलं ऐकावं असं वाटत असेल तर कदाचित त्याला दुसरीकडे बघू द्यावं लागेल.

आपल्यासारख्या परप्रांतातल्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. मूल उशिरा बोलतंय म्हटलं की अनेकांना सल्ला मिळतो, घरात एकच भाषा ठेवा. मग मराठी आई हिंदीत बोलू लागते, आणि आजी, जिला हिंदी तोडकीमोडकीच येते, ती नातवाशी बोलणं कमी करते. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाची भाषा आणखी मागे पडते, असं या विषयावरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तोटा दुसरीकडे होतो. ज्या भाषेत आजी ‘अगं बाई, लागलं का माझ्या सोन्याला?’ म्हणते, ती भाषा त्या मुलाच्या आयुष्यातून जाते, आणि नंतर आपण म्हणतो, त्याला माया कळत नाही.

कायद्याबद्दल दोनच वाक्यं. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम आला, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याला पूर्ण जागा मिळाली, आणि दिल्लीच्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’सारख्या पालकांनी उभ्या केलेल्या संस्थांचा यात मोठा वाटा आहे. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली चाळीस प्रश्नांची मोजपट्टी वापरतात, त्यात नजर न देणं, हसून प्रतिसाद न देणं, भावना अनुचित दाखवणं, याला गुण आहेत. सवलती मिळायच्या तर मोजपट्टी लागणारच, मी तिच्या विरोधात नाही. पण कागदावरचे ते गुण मुलाचं काळीज मोजल्याचे गुण आहेत, असं घरी कुणी समजू नये.

मी चित्र गोड करून सांगत नाही. अशी मुलं आहेत जी आईला चावतात, रात्र रात्र झोपू देत नाहीत, आणि त्या आईला ‘त्याच्या मनात तुझ्याबद्दल माया आहे’ एवढं सांगून तिचा हात बरा होत नाही. तिला झोप हवी, मदतीला माणूस हवा, नवऱ्याने अर्धं ओझं उचलायला हवं. आणि काही ऑटिस्टिक माणसं खरोखरच कोरडी असतात, जशी आपल्यातही असतात. सगळ्यांना संत ठरवणं हाही त्यांना माणूस न समजण्याचाच एक प्रकार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कोरडेपणा ठरवायचा असेल तर तो माणूस काय करतो ते पाहून ठरवा, चेहरा पाहून नको. आणि तो काय करतो हे दिसायला आपल्याला थोडं थांबावं लागतं, कधी एक दिवस, कधी ओट्याजवळ उभं राहून पाच मिनिटं.

व्यवहारात काय करता येईल? ‘मला काय वाटतंय ते ओळख’ असा खेळ मुलाबरोबर खेळू नका, सरळ सांगा: ‘माझं डोकं दुखतंय, मला दहा मिनिटं शांतता हवी.’ बरीच मुलं ती दहा मिनिटं घड्याळ लावून देतात. भांडण झालं तर त्याच रात्री खुलासा मागू नका, दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर विचारा. शिक्षकांनी ‘सॉरी म्हण’ म्हणण्याआधी ‘आता तिच्यासाठी काय करूया?’ विचारून बघावं. आणि घरात कुणी गेलं, तर या मुलांना बैठकीतून दंडाला धरून उठवू नका.

माझी वेळ संपली आहे, घंटा दोनदा वाजली. प्रश्नांसाठी माइक डाव्या बाजूला आहे. ज्यांना उभं राहून बोलणं नको वाटतं त्यांनी कागदावर लिहून पाठवा. आज आधी चिठ्ठ्या घेते, मग माइक.